बेघरांना निवाऱ्यापर्यंत आणि पुढे खोलीपर्यंत पोहोचवणं: मुंबईत कामाची सुरुवात कुठून करावी?

मृण्मयी_माहीम
नमस्कार मंडळी. आमची छोटी नोंदणीकृत संस्था आजवर दादर ते भायखळा पट्ट्यात जेवण आणि चादरी वाटायची. आता रस्त्यावर राहणाऱ्यांना निवाऱ्यात आणि जमलं तर पुढे भाड्याच्या खोलीत पोहोचवायचं ठरवलं आहे. सहा कार्यकर्ते आहेत, त्यातले दोन पूर्णवेळ. इथे या क्षेत्रात मुरलेले बरेच जण आहेत म्हणून विचारते: पहिली पावलं कोणती, कागदपत्रांचा क्रम काय लावायचा, आणि निवाऱ्यात गेलेला माणूस दोन रात्रींत फुटपाथवर परत का येतो?

भायखळाकर
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे. माणूस जिथे झोपतो तिथे तो पोटासाठी झोपतो. दादरच्या फुलबाजारात पहाटे चारला माल उतरतो, भाऊच्या धक्क्यावर त्याहून लवकर. कामगार नाक्यावर सकाळी आठपर्यंत उभं राहिलं नाही तर दिवस गेला. केटरिंगवाले रात्री एकला सुटतात. अशा माणसाला पाच-सहा किलोमीटरवरच्या निवाऱ्यात नेलं, तिथलं दार रात्री दहाला बंद आणि सकाळी सहाला उघडणार असेल, तर त्याला झोप आणि मजुरी यातलं एक निवडावं लागतं. तो मजुरी निवडतो. मग संस्था म्हणते, "यांना फुटपाथच आवडतो." हे वाक्य तुमच्या संस्थेत कुणालाही उच्चारू देऊ नका.

म्हणून पहिले दोन महिने कुणालाही कुठे हलवू नका. रात्री दहा ते एक आणि पहाटे चार ते सहा, अशा दोन वेळांना तोच पट्टा, तेच दोन कार्यकर्ते घेऊन फिरा. चेहरे बदलले की विश्वास पुन्हा शून्यापासून जोडावा लागतो. प्रत्येकामागे एवढंच नोंदवा: काम काय, किती वाजता, झोपायची नेमकी जागा, सोबत कोण, सामान कुठे ठेवतो, कोणता कागद जवळ आहे. जात, धर्म, "घर का सोडलं" हे पहिल्या भेटींत विचारू नका. आणि फोटो तर अजिबात नको.

आवाका कळावा म्हणून: २०११च्या जनगणनेत बृहन्मुंबईत ५७ हजारांच्या वर बेघर नोंदले गेले. ती मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीची होती. रात्रपाळीला गेलेले, गाड्यांत, फलाटांवर, दुकानाच्या आत झोपणारे अशा मोजणीतून सहज सुटतात. लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा, बारा महिने चोवीस तास उघडा असलेला एक निवारा, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयात अन्नाच्या हक्काच्या खटल्यातून २०१० मध्ये ठरलं. १ कोटी २४ लाखांच्या मुंबईला या हिशेबाने १२४ निवारे हवेत. आहेत ते त्याच्या जवळपासही नाहीत. त्यामुळे कोणत्याही माणसाला शब्द देण्याआधी निवाऱ्याच्या व्यवस्थापकाला फोन करून आज किती खाटा रिकाम्या आहेत ते विचारायचं.

सुनीता_गोवंडी
भायखळाकर दादांच्या मुद्द्यात भर. निवारा निवडताना अंतराइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो कुणासाठी आहे. पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, आणि कुटुंबाला एकत्र ठेवणारे फारच थोडे. नवरा एकीकडे, बायको-मुली दुसरीकडे आणि तेरा-चौदा वर्षांचा मुलगा तिसरीकडे अशी फोड होणार असेल तर कुटुंब येणार नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. नेण्याआधी हे स्पष्ट सांगा.

एकट्या बाईच्या बाबतीत वेळ दवडू नका. हिंसाचारातून बाहेर पडलेली असेल तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन, सखी वन स्टॉप सेंटर, तिथून शक्ती सदन अशी वाट आहे. शक्ती सदन म्हणजे अडचणीतल्या बायकांचं निवासगृह, पूर्वीचं स्वाधार गृह. जुनी माणसं अजून स्वाधारच म्हणतात. कमावत्या बाईसाठी सखी निवास हा वेगळा प्रकार आहे. दोन्हींची गल्लत केली की अर्ज परत येतो.

सहा कार्यकर्त्यांत निदान दोन बायका रात्रीच्या फेरीला हव्यातच.

मृण्मयी_माहीम
मनापासून आभार. आमच्याकडे एक सूचना अशीही आली आहे की महापालिकेच्या एखाद्या रिकाम्या इमारतीत निवारा आपणच चालवायला घ्यावा. सहा जणांत जमेल?

भायखळाकर
आत्ता नको. हिशेब मांडून दाखवतो. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषात माणशी किमान ५० चौरस फूट जागा. ५० जणांना २,५०० चौरस फूट. ही जागा मुंबईत बाजारभावाने घेणं अशक्य, म्हणून पालिकेची बंद शाळा किंवा तत्सम वास्तू लागते. त्या अभियानात ५० जणांच्या निवाऱ्याच्या चालू खर्चासाठी वर्षाला ६ लाख धरले होते, म्हणजे महिन्याला ५० हजार. चोवीस तास उघडं ठेवायचं तर आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. तीन काळजीवाहकांच्या पगारातच ही रक्कम संपते. साप्ताहिक सुट्टीचा बदली माणूस, वीज, फिनाईल, गाद्या, दुरुस्ती हे सगळं देणगीतून. शिवाय असा निधी हप्त्यांनी आणि उशिरा येतो. सहा महिन्यांचा खर्च हाताशी नसताना निवारा घेतला तर पहिला फटका काळजीवाहकाच्या पगाराला, आणि तो गेला की रात्री दार उघडायला कुणी नाही.

पाण्याचंही बघा. झोपडपट्टीसाठी पालिका माणशी ४५ लिटर धरते, तेच धरलं तरी ५० जणांना रोज २,२५० लिटर. आणि त्यातलं बरंचसं पहाटे पाच ते सातमध्ये, कारण सगळ्यांना कामावर जायचं असतं. टाकी मोठी असून नळ दोनच असले तर भांडणं ठरलेली.

चालवायला घ्यायचं असेलच तर आधी वर्षभर चालू निवाऱ्यात कागदपत्रांचं काम करा. कुलूपबंद कपाटं आहेत का, हे सगळ्यात आधी पाहा. माणूस गादीपेक्षा कपाटासाठी येतो. त्याची कामाची अवजारं, कपडे, मोबाइल आणि कागद सुरक्षित राहिले तर तो टिकतो.

सुनीता_गोवंडी
कागदपत्रांबद्दल सविस्तर लिहिते, कारण नव्या संस्था इथे चुकीच्या टोकाने सुरुवात करतात.

भेटलेल्या माणसाला थेट "आधार काढून देऊ" म्हणून नव्या नोंदणीला नेऊ नका. बहुतेकांचं आधार कधीतरी निघालेलं असतं; कार्ड पावसात गेलेलं असतं, नाहीतर अतिक्रमणवाल्यांच्या गाडीत गेलेलं असतं. नवी नोंदणी केली की ठसे जुळतात आणि ती दुबार म्हणून फेटाळली जाते, तोवर काही आठवडे गेलेले. म्हणून आधी शोध. आधार केंद्रात नाव, लिंग, पिनकोड किंवा जिल्हा आणि बोटांचे ठसे दिले तर जुना क्रमांक सापडतो. मोबाइल जोडलेला असायची गरज नाही. पण पिनकोड नोंदणीच्या वेळचा लागतो, म्हणजे बहुधा गावचा. त्यामुळे गाव, तालुका, पोस्ट नीट विचारून पिनकोड घरूनच शोधून न्या. बिगारी आणि भांडी घासणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात; केंद्रचालक घाईत "ठसा येत नाही" म्हणून परत पाठवतो. डोळ्यांचं स्कॅन करायचा आग्रह धरा. हात कोमट पाण्याने धुऊन, कोरडे करून, दहाही बोटं लावून बघा. अंगठा गेला असला तरी अनामिका चालून जाते.

खरोखरच आधार नसेल तर पत्त्याचा प्रश्न येतो. आधार प्राधिकरणाचा ठरलेला प्रमाणपत्राचा नमुना आहे. त्यावर राजपत्रित अधिकारी, आमदार-खासदार, नगरसेवक किंवा मान्यताप्राप्त निवारागृहाचे अधीक्षक सही करू शकतात. तुमच्या संस्थेचं लेटरहेड तिथे चालत नाही. हे प्रमाणपत्र दिल्या तारखेपासून ३ महिनेच चालतं. नाकारलं जाण्याची कारणं साधीच असतात: तारीख नाही, शिक्का फोटोवर अर्धा आलेला नाही, एखादं अक्षर खोडून गिरवलंय. कोरे नमुने जास्तीचे ठेवा आणि चुकला की नवा भरा. १८ वर्षांवरच्या नव्या नोंदणीला राज्याकडून पडताळणी होते, त्यामुळे वेळ लागतो हे त्या माणसाला आधीच सांगून ठेवा.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. बँकेत "स्मॉल अकाउंट" उघडता येतं. बँक अधिकाऱ्यासमोर स्वतःचा फोटो आणि सही किंवा अंगठा, बस. मर्यादा अशा: शिल्लक ५० हजारांपर्यंत, वर्षात जमा १ लाखापर्यंत, महिन्यात काढता येतात १० हजार. १२ महिने चालतं आणि अधिकृत कागदासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने. काउंटरवर "असं काही नसतं" म्हणतात, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांची छापील प्रत पुढे ठेवायची.

मतदार ओळखपत्र बेघरांना मिळतं. नमुना ६ भरायचा, पत्त्याच्या जागी झोपायच्या ठिकाणाचं वर्णन: अमुक पुलाखाली, अमुक खांबाजवळ, दुकानासमोर. पत्त्याचा पुरावा जोडावा लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते बघतो, तेही एकाहून जास्त रात्री. अडतं इथेच: अधिकारी दुपारी येतो, माणूस कामावर असतो, शेरा पडतो "आढळला नाही". म्हणून अर्ज दिल्यावर अधिकाऱ्याला गाठून रात्रीची वेळ ठरवून घ्या आणि तुमचा कार्यकर्ता तिथे हजर ठेवा.

रेशनचं नंतर. गावच्या कार्डावर नाव असेल तर ते कापायला लावू नका. "एक देश एक रेशनकार्ड"मुळे मुंबईतल्या दुकानात अंगठा लावून त्याला आपल्या वाट्याचे ५ किलो उचलता येतात आणि उरलेलं घरची माणसं गावात उचलतात. गावात आई-वडील असतील तर ही गोष्ट फार मोठी आहे.

आणि प्रत्येक कागदाचा फोटो त्या माणसाच्या संमतीने, पासवर्ड लावलेल्या एकाच ठिकाणी ठेवा. कार्यकर्त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणाचं आधार फिरता कामा नये.

वकील_प्रभादेवी
सुनीताताईंची पोस्ट छापून भिंतीवर लावा. मी कायद्याचं थोडं लिहितो.

ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका, १९८५. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग, हे घटनापीठाने मुंबईच्या पदपथवासियांच्या या खटल्यात म्हटलं. पण निकालाचा दुसरा अर्धाही माहीत असू द्या. फुटपाथवर राहण्याचा हक्क न्यायालयाने दिला नाही, आणि पालिका कायद्याचं नोटीस न देता हटवण्याची मुभा देणारं कलम ३१४ वैध ठरवलं. मात्र ती मुभा अपवादाने वापरायची, एरवी म्हणणं मांडायची संधी द्यायची, असं सांगितलं. तेव्हा कारवाईच्या वेळी "आम्हाला इथे राहायचा हक्क आहे" म्हणून वाद घालण्यापेक्षा सूचना दिली का, उचललेल्या सामानाची यादी कुठे, ते कोणत्या गोदामात नेलं, हे विचारा आणि त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

दुसरं, भीक प्रतिबंधक कायदा, १९५९. भिकेच्या व्याख्येत "उदरनिर्वाहाचं उघड साधन नसताना भटकणं" हेही येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्यातल्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या, पण त्या दिल्लीपुरत्या. महाराष्ट्रात कायदा उभा आहे आणि चेंबूरचं भिक्षेकरी गृहही. तिथे गेलेल्यांसाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा "कोशिश" उपक्रम २००६ पासून काम करतो, त्यांच्याशी ओळख ठेवा. काम करणाऱ्या माणसाजवळ मुकादमाचा फोन नंबर किंवा असंघटित कामगारांचं ई-श्रम कार्ड असलं तर पोलीस ठाण्यातच गोष्ट मिटू शकते.

एकटं मूल दिसलं तर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन. २४ तासांत बालकल्याण समितीपुढे नेणं बंधनकारक आहे. प्रेमापोटी घरी नेऊ नका, थेट संस्थेतही ठेवून घेऊ नका. कायद्याने ते अंगावर येतं.

नवीन_सभासद_विले_पार्ले
मनोरुग्ण व्यक्ती रस्त्यावर असेल तर? आमच्या स्टेशनबाहेर एक आजी आहेत, कुणालाच जवळ येऊ देत नाहीत.

डॉ_नीलिमा
मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १००. स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या भटक्या मनोरुग्णाला संरक्षणात घेणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, मर्जी नाही. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीला न्यायचं, कोठडीत ठेवायचं नाही. व्यक्ती बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून नातेवाइकांचा शोध घेणंही पोलिसांकडेच येतं. हे कलम लिहिलेला एक पानी अर्ज करून ठाण्यात द्या.

आजींच्या बाबतीत घाई नको. रोज ठराविक वेळी, ठराविक अंतरावर एकाच बाईने चहा ठेवून यायचं. जवळ जायचं नाही, सामानाला हात लावायचा नाही. बोलू लागल्यावर भाषा आणि गावाचं नाव टिपा, घर शोधायला ते पुरतं. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं कर्जतचं काम, ज्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे मिळाला, याच वाटेने चालतं: उपचार, बोलणं सुधारलं की पत्ता, मग घर. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ वर, सल्ला मिळतो. वृद्धांसाठी १४५६७.

निवाऱ्याच्या आरोग्याबद्दल तीन गोष्टी. खरूज: एकालाच औषध देऊन उपयोग नाही. ५ टक्के परमेथ्रिन मानेपासून पायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, रात्रभर. एकाच रात्री खोलीतल्या सगळ्यांना, आठवड्याने परत. चादरी-कपडे त्याच दिवशी गरम पाण्यात, नाहीतर तीन दिवस बंद पिशवीत. एक जरी सुटला तरी पंधरा दिवसांत खोली परत खाजवू लागते. गरोदर बाया आणि तान्ही बाळं असतील तर डॉक्टरांना विचारून.

खोकला दोन आठवड्यांवर गेला की थुंकी तपासणी. क्षयाच्या उपचारात निक्षय पोषण योजनेचे महिना १,००० रुपये बँक खात्यात येतात. खातं नाही म्हणून पैसे अडतात, आणि खाणं नाही म्हणून गोळ्या सुटतात. सुनीताताईंचं स्मॉल अकाउंट इथे कामी येतं.

दारू: "पिऊन यायचं नाही" हा नियम समजू शकते. पण रोज भरपूर पिणारा माणूस निवाऱ्यासाठी एकदम सोडतो तेव्हा पहिल्या दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, भास आणि फिट येऊ शकते. ते जिवावर बेततं. असा माणूस आणण्याआधी पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, आणि रात्री थरथर दिसली तर सकाळची वाट न पाहता १०८.

पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन ७२ तासांच्या आत. पालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतं.

दत्ता_परळ
तुमच्या पट्ट्यात परळ येतं म्हणून लिहितो. टाटा, केईएम, वाडियाबाहेर फुटपाथवर दिसणारी बरीच कुटुंबं बेघर नाहीत, ती रुग्णांची आहेत. त्यांना बेघर निवाऱ्यात पाठवू नका. केमो चालू असलेल्या माणसाला गर्दीच्या हॉलमध्ये जंतुसंसर्गाचा धोका मोठा. त्यांची वाट वेगळी: रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचं पत्र, केस फाइल, रुग्णाचं आणि सोबतच्याचं ओळखपत्र, मग दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन. कॅन्सर झालेल्या लहान मुलांसाठी सेंट ज्यूड केंद्रं आहेत, तिथे रुग्णालयाच्या शिफारशीनेच प्रवेश मिळतो. जागा त्याच दिवशी मिळत नाही, म्हणून उपचाराची तारीख ठरताच पत्र घ्यायचं.

उलट बाजूने, रुग्णालयातून सुटी मिळालेला बेघर माणूस हा सगळ्यात अवघड. पायात सळी, पट्टी दिवसाआड, आणि निवारा म्हणतो "स्वतःचं स्वतः करता आलं पाहिजे". वॉर्डातल्या समाज विकास अधिकाऱ्याशी सुटीच्या चार-पाच दिवस आधी बोला. संध्याकाळी पाचला सुटी आणि सहाला तुम्हाला फोन, असं झालं तर तो माणूस गेटबाहेरच झोपतो. कायमचा निराधार आणि अंथरुणाला खिळलेला असेल तर भायखळ्याचं मदर तेरेसांच्या मिशनरीजचं आशादान किंवा पनवेलचा सील आश्रम. आधी विचारून, पोलिसांचं पत्र घेऊन.

मृण्मयी_माहीम
डोळे उघडले. आता खोलीबद्दल सांगा. पैसे आम्ही भरले तर किती दिवस भरायचे?

सुनीता_गोवंडी
ताई, भाडं भरू नका, डिपॉझिट भरा.

आकडे धरून बघू. समजा खोलीचं भाडं ६ हजार, डिपॉझिट २० हजार, एजंटचा एक महिना. पहिल्या दिवशी ३२ हजार लागतात. नाक्यावरचा माणूस ५०० रुपये रोजाने महिन्यात १८ दिवस भरला तर ९ हजार कमावतो. भाडं त्याला कसंबसं झेपेल, पण ३२ हजार एकरकमी कधीच जमणार नाहीत. फुटपाथ सुटत नाही तो या पहिल्या रकमेमुळे. भाडं ६ हजार गेल्यावर हातात ३ हजार उरतात, तेही पुरत नाहीत; म्हणून ओळखीचे, एकाच कामावरचे दोघं एका खोलीत, ३-३ हजार. जोडी त्यांनीच ठरवायची, तुम्ही लावून द्यायची नाही.

डिपॉझिट संस्थेच्या खात्यातून चेकने द्या आणि करारात लिहून घ्या की खोली सोडल्यावर ते संस्थेलाच परत जाईल. तीच रक्कम पुढच्या जोडीला. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र खोली लावू नका: जून ते सप्टेंबर बांधकाम थंडावतं, नाका ओस पडतो आणि दुसऱ्याच महिन्यात भाडं थकतं. दिवाळीनंतर लावली तर सहा-सात महिने कमाईचे मिळतात. रोजची बचत फुटपाथवरच सुरू करा, दहा-वीस रुपये का होईना, वहीत नोंद आणि सही. भायखळ्याच्या पदपथावरच्या बायकांनी महिला मिलन हा बचतगट आणि १९८४ मध्ये सुरू झालेली स्पार्क संस्था यांच्या साथीने अशीच बचत करत मानखुर्दच्या मिलन नगरात पक्की घरं मिळवली. त्याला दोन दशकं लागली, पण सुरुवात वहीतल्या नाण्यांनीच झाली होती.

वकील_प्रभादेवी
करार नोंदवलेलाच हवा. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. शहरी भागात नोंदणी शुल्क १,००० रुपये, मुद्रांक शुल्क पाव टक्का. मालक टाळतो तेव्हा हा खर्च संस्थेने उचलावा, कारण हा करारच त्या माणसाचा आयुष्यातला पहिला पत्त्याचा पुरावा ठरतो. त्यावर आधारचा पत्ता बदलतो आणि पुढची दारं उघडतात. एसआरएच्या (झोपडपट्टी पुनर्वसनाच्या) इमारतीतली खोली असेल तर ताबा मिळून किती वर्षं झाली ते तपासा. ठरावीक मुदतीच्या आत ती भाड्याने देता येत नाही. कारवाई झाली की भाडेकरू रस्त्यावर आणि डिपॉझिट बुडालेलं.

संजय गांधी निराधार योजनेचे महिना १,५०० मिळतील या भरवशावर भाडं ठरवू नका. १५ वर्षं राज्यात राहिल्याचा पुरावा मागतात, आणि रस्त्यावर राहिलेल्याकडे नेमका तोच नसतो. जुना केसपेपर, मुलांचा शाळेचा दाखला, पूर्वीचं मतदार यादीतलं नाव, जे मिळेल ते जमवत राहा.

मृण्मयी_माहीम
खोलीत गेल्यावर आमचं काम संपतं का?

सुनीता_गोवंडी
नाही, पहिले तीन महिने नाजूक. पहिल्या आठवड्यात दोनदा जा, मग महिनाभर आठवड्याला एकदा, पुढे भाड्याच्या तारखेच्या दोन दिवस आधी. बघायचं काय: मीटरचं बिल कुणाच्या नावे येतं, पाणी किती वाजता येतं आणि त्या वेळी घरी कुणी असतं का, शेजाऱ्यांशी बोलणं सुरू झालं का. गॅससाठी ५ किलोचा छोटा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो पहिल्याच दिवशी घेऊन द्या, नाहीतर सगळी कमाई बाहेर खाण्यात जाते.

काही जण सुरुवातीला रात्री उठून जुन्या जागी जाऊन झोपतात. तिथे सोबती असतात, खोलीत शांतता अंगावर येते. लगेच खोली काढून घेऊ नका आणि रागावू नका. जुन्या सोबत्यांपैकी कुणाची खोली त्याच गल्लीत लावता येईल का ते बघा. म्हणूनच एका वस्तीत निदान तीन-चार खोल्या एकमेकींच्या जवळ लावायच्या, मानखुर्दला एक आणि नालासोपाऱ्याला एक असं करायचं नाही.

भायखळाकर
मृण्मयीताई, फेरीच्या नोंदवहीचा आणि पोलिसांना द्यायच्या अर्जाचा नमुना तुम्हाला संदेशातून पाठवतो. पट्टा आधी दादर टीटी ते हिंदमातापर्यंतच धरा. दोन पूर्णवेळ माणसांना रोज रात्री तेवढाच नीट होतो.